खाऱ्या टाकीतले शेवाळ आणि औषधांची घाई

पुण्याहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून तीन-चार तासांचा प्रवास करावा लागतो. तरीही बाणेर-औंधपासून कोंढवा-खराडीपर्यंत अनेक दिवाणखान्यांत आता समुद्राचा एकेक तुकडा येऊन बसला आहे. निळसर दिवा, पांढरी वाळू, कोपऱ्यात रचलेले खडक आणि त्यातून डोकावणारा नारिंगी क्लाउनफिश. गप्पी आणि गोल्डफिशवर समाधान मानणारी हौस गेल्या काही वर्षांत खाऱ्या पाण्याकडे वळली. टाकी, मीठ, दिवे, पंप, पाणी थंड ठेवणारा चिलर असा सगळा खर्च होतो, पहिले काही आठवडे घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कौतुकात जातात आणि मग एके दिवशी वाळूवर तपकिरी थर दिसू लागतो. पुढे खडकांवर लाल साय धरते, नाहीतर हिरवे केस उगवतात. दुकानदाराला फोन लावला जातो. तो म्हणतो, ‘‘साहेब, बाटली देतो, टाका, दोन दिवसांत साफ.’’ बाटलीत काय आहे, हे साहेब विचारत नाहीत आणि दुकानदारालाही बहुतेक वेळा ठाऊक नसते. बाटली संपली, की कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून कॅप्सूल आणायचा सल्ला मिळतो.

या साऱ्यात चूक शेवाळाची कमी आणि घाईची जास्त आहे. रोगाचे नाव कळण्याआधी औषध सुरू करण्याची जी सवय माणसांच्या आजारात लागली आहे, तीच माशांच्या टाकीपर्यंत पोहोचली आहे. शिवाय इथे ‘शेवाळ’ या एकाच शब्दाखाली इतके वेगवेगळे जीव येतात, की त्यांतले काही शेवाळ नसतातच.

सुरुवात तपकिरी थरापासून करावी, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. नवी टाकी सुरू झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर पिठासारखी तपकिरी धूळ बसते आणि बोट फिरवले, की सहज निघून जाते. हे डायटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. झाकण असलेल्या करंड्यासारखे सिलिकाचे, म्हणजे एका परीने काचेचेच, घर करून राहणारी ही एकपेशीय मंडळी. पाण्यातला विरघळलेला सिलिका संपला, की त्यांचे घर बांधण्याचे सामान संपते आणि थर आपोआप विरतो. त्यासाठी कोणतेही औषध लागत नाही. लागतो तो दोन-चार आठवड्यांचा धीर आणि शंखवर्गी गोगलगायींची छोटी फौज.

मात्र पुण्यात हा थर पुष्कळदा विरत नाही, महिनोन् महिने टिकतो. त्याचे कारण टाकीत नसते, नळात असते. दख्खनचा सगळा खडक बेसाल्टचा. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेला सिलिका असतोच. सोसायटीची बोअर किंवा टँकर असेल, तर तो आणखी वाढतो. खडकवासल्याच्या पाण्याचा टीडीएस तसा कमी, म्हणून अनेकांना ते निर्धोक वाटते. पण टीडीएस मोजणारे ते पेनसारखे यंत्र खरे तर पाण्यातून वीज किती सहज वाहते, एवढेच सांगते. विरघळलेल्या सिलिकावर नेहमीच्या पाण्यात विद्युतभार जवळपास नसतो. त्यामुळे तो त्या यंत्राला दिसतच नाही. फॉस्फेट तर इतक्या सूक्ष्म मात्रेत त्रास देते, की यंत्रावरचा आकडा जागचा हलतही नाही.

यावर उपाय म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी वापरले जाते. इथेही एक फसगत आहे. आपल्याकडचे बरेचसे घरगुती आरओ पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून शेवटी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळतात किंवा खनिजे सोडतात. पिणाऱ्याला त्याचा फायदा असेल, पण प्रवाळांच्या टाकीला नाही. तिला आरओनंतर डीआय, म्हणजे आयन धरून ठेवणाऱ्या राळेची नळी, लागते. आणि ही राळ थकू लागली, की सर्वांत आधी निसटतो तो सिलिकाच. तपकिरी धूळ अचानक परत आली, तर पहिला संशय या नळीवर घ्यावा.

उन्हाळ्यात यात आणखी एक भर पडते. मार्च ते मे या काळात पुण्याची हवा कोरडी ठणठणीत. उघड्या टाकीतून पाणी झपाट्याने उडते. समजा २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडाले आणि तेवढेच नळाचे पाणी वरून घातले, तर महिन्याला ९० लिटर नळाचे पाणी आत गेले. उडून गेले ते शुद्ध पाणी. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका सारे मागे राहिले आणि वर नव्या पाण्यातल्याची भर पडली. मालक शपथेवर सांगतो, की टाकीत काहीच नवे घातलेले नाही. त्याने रोज घातलेले असते.

दुसरा जीव लाल किंवा जांभळट सायीचा. ही साय वाळूवर चादरीसारखी पसरते, टोकाला धरून ओढली तर अख्खी निघते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि नाकाजवळ नेली तर कुबट वास येतो. दुकानात तिला ‘रेड अल्गी’ म्हणतात. प्रत्यक्षात ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. शालेय पुस्तकांत यांना नील-हरित शैवाल म्हटले गेले, म्हणून शेवाळाचे नाव चिकटले. याच कुळाने सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात केली. याच कुळातला ट्रायकोडेस्मियम दरवर्षी अरबी समुद्रात, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासमोरही, पाण्यावर पट्टे उमटवतो. म्हणजे दिवाणखान्यात आलेला पाहुणा फार जुना आणि फार चिवट आहे. पाणी जिथे साचून राहते, तळाशी जिथे खरकटे अन्न कुजते, तिथे तो बसतो. पंपाचा झोत त्या कोपऱ्याकडे वळवणे, साय नळीने ओढून काढणे आणि खाद्य कमी करणे या तीन गोष्टींनी तो बहुतेक वेळा हटतो. पण त्याला तीन-चार आठवडे लागतात.

ते आठवडे वाचवण्यासाठी मग एरिथ्रोमायसिन येते. सायनो जीवाणू असल्याने प्रतिजैविकाने तो मरतो, यात काही चमत्कार नाही. चमत्कार असलाच, तर तो हा, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जे औषध देता येत नाही, ते शोभेच्या टाकीसाठी सहज हातात पडते. मेलेली साय कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि रात्री मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. ज्या उपकारी जीवाणूंच्या जोरावर माशांच्या विष्ठेतला अमोनिया निकामी होतो, त्यांनाही धक्का बसू शकतो. आणि कारण तसेच राहिल्याने साय महिन्याभरात परत येते. यावेळी ती त्याच औषधाला पूर्वीइतकी दाद देईलच असे नाही.

टाकीपुरतीच ही बाब असती, तर ज्याची टाकी त्याने बघावे, असे म्हणता आले असते. पण पाणी बदलताना ही प्रतिजैविके बादलीतून मोरीत जातात, मोरीतून गटारात आणि गटारातून मुळा-मुठेत. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचा प्रश्न देशात किती गंभीर आहे, हे सांगायला नको. केंद्र सरकारने त्यासाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, रुग्णालये आपापले धोरण ठरवू लागली, कोंबड्यांच्या खाद्यातल्या औषधांवर चर्चा झाली. शोभेच्या माशांकडे मात्र कुणाचे लक्ष गेलेले नाही. एकेका टाकीतली मात्रा नगण्य, हे खरे. पण रुग्णाला गरज असताना जपून वापरायचे औषध वाळूचा रंग आवडत नाही म्हणून ओतणे, याचे समर्थन कोणत्याही मात्रेत होत नाही.

हीच गत फ्लुकोनाझोलची. ब्रायोप्सिस नावाचे एक हिरवे शेवाळ असते, दिसायला नाजूक नेच्यासारखे किंवा पिसासारखे. ते खडकाच्या छिद्रांत मुळासारखे धागे रोवते आणि उपटले तरी पुन्हा उगवते. त्याच्यावर ही बुरशीविरोधी गोळी चालते, असा हौशी मंडळींचा जगभरचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. परंतु उपचारांना दाद न देणारे नायटे आज भारतभरच्या त्वचारोगतज्ज्ञांची डोकेदुखी झाले आहेत. कॅंडिडा ऑरिस ही बुरशी तर अतिदक्षता विभागांत फ्लुकोनाझोलला बहुतांशी जुमानतच नाही. अशा देशात ती कॅप्सूल फोडून टाकीत टाकणे शहाणपणाचे नाही. ब्रायोप्सिस धरलेला खडकच बाहेर काढावा, घासावा, गरज पडली तर तो एक खडक टाकून द्यावा. अन्न व औषध प्रशासनाने माशांच्या दुकानांतल्या बिननावाच्या बाटल्यांत काय भरलेले असते, हे एकदा तपासावे. आणि दुकानदारांनी किमान घटकांचे नाव तरी बाटलीवर छापावे. ही फार मोठी मागणी नाही.

तिसरा जीव सर्वांत अवघड. तोही तपकिरीच. पण धुळीसारखा बसत नाही, शेंबडासारखा लोंबतो. धाग्यांच्या टोकांना बुडबुडे लटकतात. रात्री दिवे मालवल्यावर बराचसा नाहीसा होतो आणि दुपारपर्यंत पुन्हा दाट होतो. गोगलगायी त्यावर चरल्या, की सुस्त पडतात, मरतातही. हे डायनोफ्लॅजेलेट. ओळखायचे एक साधे तंत्र हौशी लोक वापरतात. थोडा शेंबूड टाकीच्या पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवायचा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळायचा आणि खाली आलेले गढूळसर पाणी तासभर उजेडात ठेवायचे. ते पुन्हा एकत्र येऊन तंतू धरू लागले, तर संशय पक्का. तरीही खरा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. शाळेत वापरतात तसा सूक्ष्मदर्शक काही हजारांत मिळतो. ज्यांनी दिव्यांवर त्याच्या कितीतरी पट खर्च केला, त्यांना तो परवडू नये, असे नाही. पुण्यात तर त्याहून सोपे आहे. फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयासारख्या ठिकाणी वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. गो. ग. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर गांभीर्याने काम चालते. शहरात ही विद्या आहे आणि हौसही आहे, फक्त दोघांची गाठ पडलेली नाही. एखाद्या महाविद्यालयाने महिन्यातून एक शनिवार ‘आणा तुमचे शेवाळ’ असे दार उघडे ठेवले, तर विद्यार्थ्यांना जिवंत नमुने मिळतील आणि अर्ध्या शहरातल्या बाटल्या वाचतील.

डायनोफ्लॅजेलेटची गोष्ट वेगळी आहे ती अशी, की बहुतेक वेळा ते अति स्वच्छतेतून येतात. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे घाण, ती शून्यावर आणली पाहिजे, असा एक समज या हौसेत घट्ट रुजला आहे. मोठे स्किमर, लोहाच्या संयुगाचे फॉस्फेट शोषणारे दाणे, वर आणखी कसली तरी बाटली. मग एक दिवस चाचणीत दोन्ही आकडे शून्य येतात आणि मालकाला परीक्षेत पहिला आल्याचा आनंद होतो. त्याच आठवड्यात काय होते, ते त्याला दिसत नाही. डायटम, हिरवी शेवाळे, उपकारी जीवाणू सगळेच उपाशी पडतात. ही स्पर्धा मोडली, की थोडक्यात भागवणारा डायनोफ्लॅजेलेट मोकळ्या रानात सुटतो. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले, की सागरी प्लवकांच्या शरीरात आणि समुद्राच्या पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरसचे प्रमाण साधारण ठरलेले असते. फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे सोळा. समुद्रातही हे आकडे अल्प असतात, शून्य नसतात. त्यामुळे डायनोफ्लॅजेलेट झालेल्या टाकीत पाणी बदलण्याचा सपाटा थांबवावा लागतो आणि पोषण थोडे वाढवावे लागते. म्हणजे हिरव्या केसांवर जो उपाय, त्याच्या नेमका उलट. ओळख न पटवता उपाय केला तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

हिरव्या केसांबद्दल फार बोलायची गरज नाही. ते खाद्याचे अपत्य आहे. कोरड्या मासेखाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. रोज एक ग्रॅम खाद्य टाकले, तर १० मिलिग्रॅम फॉस्फरस आत गेला. फॉस्फेटच्या हिशेबाने तो सुमारे ३० मिलिग्रॅम. २०० लिटरच्या टाकीत तो सगळा विरघळला, तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. प्रवाळ असलेल्या टाकीत फॉस्फेट ०.१ च्या खाली ठेवावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे एका दिवसाच्या खाद्यात तो ओलांडला जातो. काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही स्किमर काढतो, पण उरलेले कुणीतरी खाणारच. मासा चिमूटभर खातो आणि मुले मूठभर टाकतात. गोठवलेली कोळंबी वितळल्यावर तिचे पाणी टाकीत न ओतता गाळून फेकणे, एवढ्यानेही फरक पडतो. दिवे आठ तासांवर आणणे, हाताने उपटणे, टर्बो आणि ट्रोकस जातीच्या गोगलगायी सोडणे हे पुढचे. टाकीच्या खालच्या कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचे गुंतवळासारखे शेवाळ मुद्दाम वाढवून दर पंधरवड्याला त्याची कापणी करणे हा त्याहून चांगला मार्ग. वाढणारे ते वाढणारच, तर ते आपल्या सोयीच्या जागी वाढू द्यावे, असा हा रोकडा व्यवहार आहे.

हाच व्यवहार शहराला जमलेला नाही, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. मुळा-मुठेत दरवर्षी जलपर्णी माजते, दरवर्षी ती काढण्याचे ठेके निघतात, जेसीबी नदीत उतरतात आणि डासांनी हैराण झालेले रहिवासी चार दिवस समाधान मानतात. जलपर्णी ज्यावर पोसते ते मैलापाणी तसेच वाहत राहते. ते पुढे भीमेतून उजनीत जाते. उजनीचे पाणी हिरवेगार होते आणि ते पाणी सोलापूरला पिण्यासाठी उपसावे लागते. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्प उभारून रोज ३९.६ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली आणि वर्षानुवर्षे रेंगाळली. दिवाणखान्यातल्या टाकीत लाल साय ओरबाडून खाद्य तेवढेच टाकणारा आणि नदीत जलपर्णी काढून मैला तसाच सोडणारा, दोघांचा हिशेब एकाच ठिकाणी चुकतो. टाकीवाल्याचे नुकसान निदान त्याच्या पैशाचे असते.

आता आरोग्याचा भाग, जो दुकानात कुणी सांगत नाही.

टाकीत कोपरापर्यंत हात घालून खडक घासणे हा या हौसेचा नित्यक्रम. हातावर खरचटलेले असेल, तर मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जीवाणू आत शिरू शकतो. तो क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. त्याला थंडावा आवडतो, म्हणून बोटे, मनगट, कोपर अशा शरीराच्या गार भागांत तो वाढतो. काही आठवड्यांनी न दुखणारी, लालसर-जांभळी गाठ येते, कधी ती हातावर रांगेने वर सरकते. साध्या मलमाने बरी होत नाही. तुकडा तपासला तर क्षयासारखीच चिन्हे दिसतात आणि क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात निदान त्या दिशेने जाणे स्वाभाविक आहे. योग्य औषधांनी ती बरी होते, पण कित्येक महिने घ्यावी लागतात. म्हणून हातावर अशी गाठ घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्याने घरात माशांची टाकी आहे, हे आपणहून सांगावे. डॉक्टर बहुधा विचारणार नाहीत. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे शंभर-दोनशे रुपयांत मिळतात.

दुसरा धोका अधिक गंभीर. शेवाळाने माखलेला खडक बाहेर काढून त्यावर उकळते पाणी ओतायचे, असा एक उपाय तोंडोतोंडी फिरतो. खडकावर पॅलिथोआ किंवा झोअँथिड जातीचे, बटणासारखे दिसणारे जीव असतील, तर हा उपाय जिवावर बेतू शकतो. त्यांच्यातील काहींत पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक विष असते. ते १९७१ मध्ये हवाईतल्या अशाच जीवांपासून वेगळे केले गेले. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर ते हवेत पसरते, श्वास कोंडतो, ताप भरतो, डोळ्यांची आग होते. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात टाकीतले प्रवाळ साफ करताना एका कुटुंबाला हा त्रास झाला आणि मदतीला धावलेल्या कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. तपकिरी शेंबडातल्या ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोफ्लॅजेलेटकडेही याच घराण्यातली विषे असतात. २००५ मध्ये इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर त्याचा बहर आला, तेव्हा समुद्रावरच्या वाऱ्याने सुमारे दोनशे माणसे आजारी पडली होती. बंद खिडक्यांच्या, एसी लावलेल्या खोलीत खडक उकळणे, वाळवणे, कोरड्या ब्रशने घासणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. घासायचे ते पाण्याखाली, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत, हातमोजे आणि चष्मा घालून. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल, तर झोअँथिड आणूच नयेत.

खडकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळखडक कुणी देऊ केला, तर तो घेणाराही अडचणीत येतो. खडक रचणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आहेत. शिवाय असा खडक सोबत ब्रायोप्सिस, बुडबुड्यासारखे व्हॅलोनिया आणि इतर अनेक न बोलावलेले पाहुणे घेऊन येतो. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार खडक दिसायला सुरुवातीला बोडके वाटतात, पण सहा महिन्यांत त्यांच्यावर गुलाबी-जांभळा टणक थर चढतो. तो कोरलाइन शेवाळाचा. अनेक जण तोही घाण समजून खरवडतात. तो टाकी निरोगी असल्याची खूण आहे. काचेवरचा हवा तर काढावा, खडकावरचा राहू द्यावा. व्हॅलोनियाचा हिरवा मणी मात्र न फोडता अख्खा काढावा. तो अख्खा मणी म्हणजे एकच पेशी असते, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. समुद्र न पाहता वाढणाऱ्या मुलांना गोबी मासा आणि पिस्तुली कोळंबी एकाच बिळात संसार करताना दिसतात, ही लहान गोष्ट नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून किती पिढ्यांना समुद्राची पहिली ओळख करून दिली, ते आठवावे. पण वीज गेली तर काय, आठ दिवस गावाला गेलो तर काय, पाणी कुठून आणणार, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार नसतील, तर गोड्या पाण्याची टाकी काही कमी सुंदर नसते. आणि घ्यायचीच, तर छोटी न घेता मोठी घ्यावी. तीस-चाळीस लिटरची खारी टाकी स्वस्त म्हणून नवख्यांच्या गळ्यात मारली जाते आणि तीच सर्वांत लवकर बिघडते, कारण चिमूटभर जास्त खाद्यही तिला झेपत नाही. चाचणीचे आकडे तारखेसह वहीत लिहावेत, दर आठवड्याला, वाण्याच्या खात्यासारखे. शेवाळ दिसायच्या तीन आठवडे आधी ते त्या वहीत दिसू लागते.

राहिला प्रश्न उपटलेल्या शेवाळाचा. तो मोरीत टाकून मोकळे होणाऱ्यांनी कॉलर्पाची हकीकत ऐकावी. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टाकीत शोभेसाठी लावले जाणारे हिरवे पिसारेदार शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोरच्या समुद्रात आढळले, चटईएवढ्या तुकड्यात. पुढच्या काही वर्षांत त्याने भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडले, तेव्हा तिथल्या यंत्रणेने ताडपत्र्या अंथरून त्याखाली क्लोरीन सोडला आणि ते संपल्याचे जाहीर करायला २००६ उजाडले. पुण्याच्या गटारातून कॉलर्पा अरबी समुद्रात पोहोचणार नाही, हे खरे. भीमेचे पाणी उलट दिशेला, बंगालच्या उपसागराकडे जाते. पण टाकी आवरायची ठरवून मासे, खडक, शेवाळ सगळे डब्यात भरून अलिबाग-मुरूडच्या सहलीत ‘समुद्राचे समुद्राला’ म्हणून सोडणारे लोक आहेत आणि त्यांना ते पुण्यकर्म वाटते. मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. शेवाळ गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवावे आणि मग ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे.